मशीनला चार तारे, कंपनीच्या सर्व्हिसला दीड

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकते. २०२१च्या दिवाळीत घेतलेलं सात किलोचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन: चार तारे. कंपनीची घरी येणारी सर्व्हिस: दीड, आणि त्यातला अर्धा फोनवरच्या मुलीच्या गोड बोलण्याचा. नाशिकच्या सिडकोतले दुरुस्तीवाले काका: पाच. कंपनीचं नाव लिहीत नाही. हाच अनुभव वेगवेगळ्या घरांतून वेगवेगळ्या कंपन्यांबद्दल ऐकलाय, एकीचं नाव घेतलं की बाकीच्या साळसूदपणे सुटतात.

मी सिडकोत पाळणाघर चालवते. पोरांचे आईबाप बहुतेक अंबडच्या कंपन्यांत. पहिल्या पाळीचे असले तर उजाडायच्या आत पोर खांद्यावर झोपलेलंच आणून देतात. त्यामुळे आमच्याकडे धुणं म्हणजे दुपटी, लाळेरी, चादरी, टोपडी आणि मोजे. मोजे तर विचारूच नका. मशीन रोज चालतं, पावसाळ्यात दिवसातून दोनदासुद्धा. घरात दोन माणसं असलेल्यांच्या मशीनला दहा वर्षांत जे दिसत नाही ते माझ्या मशीनने केव्हाच बघून टाकलंय, म्हणून हे लिहायला बसले.

झालं असं की धुणं अर्धवट असताना मशीन थांबलं, तीनदा टूं टूं वाजलं आणि पडद्यावर कोड आला. काचेतून बघितलं तर पाणी अर्ध्या दारापर्यंत, आत दुपटी तरंगतायत, दार घट्ट बंद. दार उघडत नाही म्हणून ओढाताण करू नका. आत पाणी असेपर्यंत फ्रंट लोडचं कुलूप सुटत नाही, ते तसंच बनवलेलं आहे. पाणी गेल्यावरसुद्धा एक-दोन मिनिटं थांबावं लागतं.

कोडचा अर्थ पुस्तकात होता: पाणी बाहेर जात नाही. प्रत्येक कंपनीची अक्षरं वेगळी. एलजीत हाच कोड ‘ओई’ असतो, सॅमसंगमध्ये ‘५ई’ किंवा ‘५सी’, बॉशमध्ये ‘ई१८’. पाणी आतच येत नसेल तर एलजी ‘आयई’ दाखवतं, सॅमसंग ‘४ई’ किंवा ‘४सी’. आपल्या मशीनचं पुस्तक सापडत नसेल तर मॉडेल नंबर बहुधा दाराच्या आतल्या कडेला स्टिकरवर असतो, तो टाकून कंपनीच्या साइटवरून पुस्तक उतरवून घेता येतं.

आता या सगळ्या लिखाणातली मुद्द्याची गोष्ट. मशीनला आतलं काही दिसत नसतं. टब म्हणजे फिरणाऱ्या ड्रमच्या बाहेरचं, पाणी धरणारं भांडं. त्याच्या तळाशी हवेची एक छोटी कुपी असते, तिच्यातून बारीक नळी वर प्रेशर सेन्सरला जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते, त्यावरून मशीनला पाण्याची पातळी कळते. पंप चालू केला आणि ठरलेल्या वेळात पातळी उतरली नाही, की कोड येतो. बस, एवढंच. पंप जळाला, पाइपात काही अडकलं, बाहेरचा पाइप दुमडला, फेस फार झाला, सेन्सरची नळी गाळाने तुंबली, कारण यातलं काहीही असो, कोड तोच. थर्मामीटर १०२ दाखवतो, पण मलेरिया की टायफॉइड ते सांगत नाही, तशातली गत. म्हणून कोड वाचून थेट पार्टचं नाव घेणाऱ्या माणसाला माझ्याकडे तारे मिळत नाहीत.

खालचा फिल्टर मी स्वतःच उघडते. पुढच्या बाजूला खाली उजवीकडे छोटं झाकण असतं, त्यामागे. प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. गरम पाण्यावर लावलं असेल तर निवू द्यायचं. झाकणामागे बहुतेक मशीनना बोटाएवढी काळी नळी असते, तिचं बूच काढून आधी पाणी ताटात घ्यायचं. बादली तिथे बसत नाही, परातही जेमतेम. मी पोरांच्या खिचडीचं पसरट भगुणं वापरते, पण हे पालकांना सांगू नका. मग फिल्टर हळूहळू डावीकडे फिरवायचा. एकदम काढला तर आतलं दहा-पंधरा लिटर पाणी घरभर होतं आणि शेजारच्या खोलीत झोपलेली पोरं उठतात ती वेगळीच.

फिल्टरमध्ये जे निघालं ते नेहमीचंच: दोन रुपयांचं नाणं, केसांचं रबर, शर्टाचं बटण, आणि ते सगळं धरून ठेवणारा राखाडी बुळबुळीत गाळ, ज्याला ओल्या पोतेऱ्यासारखा वास येतो. ब्रशने घासून टाकलं. फिल्टरच्या भोकात बॅटरी मारली की आत पंपाचं पातं दिसतं. बोटाने फिरवून बघितलं. ते मोकळं गरगर फिरत नाही, झटक्याझटक्याने अडखळत फिरतं. पंप खराब झालाय असं समजून घाबरू नका, आत चुंबक असतं म्हणून ते तसंच फिरतं. अजिबातच हलत नसेल किंवा केस नि दोरे गुंडाळलेले असतील तर मात्र लक्ष द्यायचं. माझं पातं फिरत होतं. सगळं लावलं, नुसतं ड्रेन-स्पिन चालवलं. पंपाचा घूं आवाज आला, मोरीत पाण्याची बारीक धार पडली, आणि थोड्या वेळाने परत टूं टूं टूं. तोच कोड.

मागचा पाइप दुमडला नव्हता. मोरीतल्या पाइपात तो किती उंचीवर लावलाय तेही बघितलं. साधारण जमिनीपासून साठ सेंटिमीटर ते एक मीटर या दरम्यान तो हवा. फार उंच नेला तर पंपाला ढकलवत नाही, आणि जमिनीवर सोडून दिला तर मशीन भरता भरताच पाणी निघून जातं, मग भलताच कोड येतो.

इथे कंपनीला फोन केला. एक सावधगिरीची गोष्ट: नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा मशीनच्या स्टिकरवरून घ्या. नेटवर शोधून वर येणारा पहिला नंबर फिरवू नका, सर्व्हिस सेंटरच्या नावाने खोटे नंबर टाकणारे बरेच बसलेत.

फोनवरची मुलगी फारच गोड. “मॅम, तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो.” आलेला मुलगाही वागायला वाईट नव्हता, चपला बाहेर काढल्या, पोरं झोपलीत म्हटल्यावर हळू बोलला. दोन तास उशिरा आला, पण रस्ते खोदलेत हे कारण सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं सुरू झाल्यापासून नाशिकमध्ये सगळ्यांनाच लागू पडतं, ते मी धरत नाही. मशीन चालू केलं, कोड बघितला, मोबाइलवर काहीतरी चाळलं आणि म्हणाला, “मॅडम, बोर्ड गेलाय. पीसीबी चेंज करावा लागेल.” पीसीबी म्हणजे तोच बोर्ड, मशीनचा सगळा कारभार चालवणारं आतलं सर्किट.

“किती?”

“सात हजार आठशे, प्लस जीएसटी. आणि एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभालीचा करार, घेतलं तर व्हिजिट चार्ज माफ होईल.”

“अरे दादा, खालचं झाकण तरी उघडून बघ.”

“मॅडम, कोडच सांगतोय ना.”

कोड काय सांगतो ते वर लिहिलंच आहे. मी म्हटलं, पंपाचा आवाज येतोय, मग बोर्ड कसा गेला? त्यावर तो म्हणाला, “कधी कधी होतं तसं.” बोर्ड नको म्हटल्यावर चारशे अधिक अठरा टक्के जीएसटी असे ४७२ रुपये घेतले. माझा आग्रह होता की काय काय तपासलं ते जॉब शीटवर लिही. त्याने लिहिलं: पीसीबी फॉल्ट, कस्टमर रिफ्यूज्ड. म्हणजे कागदोपत्री दोष मशीनचा आणि आडमुठेपणा माझा.

त्या पोराचा राग नाही. एका माणसाला दिवसाला इतकी घरं दिली की कुणीही झाकण उघडायचा कंटाळा करेल. पण पैसे घेतलेत ते तपासायचे, आणि तपासणी झालीच नाही. मी तशी तक्रार केली. “आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे” असा मेसेज आला, कोणी फोनही न करता. ज्यांचं प्रकरण मोठ्या रकमेचं असेल त्यांच्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे मराठीतून बोलता येतं. मी ४७२ रुपयांसाठी गेले नाही, पण जॉब शीट जपून ठेवलीय.

मग दुरुस्तीच्या दुकानाची चौकशी केली ती समोरच्या इस्त्रीवाल्याकडे. हे लोक नेटपेक्षा खरं सांगतात. त्याने त्रिमूर्ती चौकाच्या बाजूच्या काकांचा नंबर दिला. काकांनी यायच्या आधी फोनवरच दोन प्रश्न विचारले, आणि त्या दोन प्रश्नांसाठीच मी पाच तारे देतेय.

पहिला: “ताई, पंप वाजतोय का?” वाजतोय म्हटल्यावर म्हणाले, “मग बोर्ड पंपाला करंट देतोय. बोर्ड राहू द्या बाजूला.”

दुसरा: “भरलेल्या मशीनचा फिल्टर उघडला तेव्हा पाणी धो धो आलं की बारीक?”

मी जरा विचार केला. बारीक आलं होतं. ड्रममध्ये अर्ध्या दारापर्यंत पाणी, आणि फिल्टर पूर्ण बाहेर काढल्यावरही करंगळीएवढी धार. त्या वेळी मला बरंच वाटलं होतं, लादी भिजली नाही म्हणून.

“मग पंपाच्या अलीकडेच काहीतरी बसलंय. टबातून फिल्टरकडे येतो त्या पाइपात. येतो संध्याकाळी.”

बघा, मशीन न बघता. पाण्याची वाट अशी: टब, मग घड्याघड्यांचा जाड रबरी पाइप, मग फिल्टर, मग पंप, मग मागचा लांब पाइप, मग मोरी. फिल्टर काढल्यावर पाण्याने धो धो यायला हवं, कारण तिथे पंपाचा काही संबंधच नाही, ते उतारानेच येतं. तिथेच धार बारीक असेल तर अडचण फिल्टरच्या अलीकडे. धो धो आलं आणि तरी मशीन पाणी फेकत नसेल तर पंप किंवा मागचा पाइप. ही परीक्षा फुकटात होते आणि कुणालाही करता येते. पुस्तकात मात्र ती नाही. तिथे ‘फिल्टर साफ करा’ आणि पुढची ओळ ‘सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा’.

काका संध्याकाळी आले, स्कूटरच्या डिकीत हत्यारं, बरोबर भाचा. उरलेलं पाणी खालच्या नळीतून सावकाश काढलं. जमिनीवर जुनी गादी टाकून दोघांनी मिळून मशीन मागे कलतं केलं. हे घरी एकट्याने करू नका. फ्रंट लोड साठ-पासष्ट किलोचं सहज असतं, कारण फिरताना उडू नये म्हणून आत काँक्रीटचा ठोकळा बसवलेला असतो. खालून त्या जाड पाइपाचा तारेचा क्लॅम्प पकडीने दाबून सरकवला, पाइप ओढला आणि आत बोट घातलं.

आधी आली नुसती काळपट लापशी. मग एक टोक. मग हळूहळू ओढत एक मोजा. सहा महिन्यांच्या पोराचा असेल, एकेकाळी पिवळा, टाचेवर बदकाची नक्षी. त्याच्याभोवती धाग्यांचा लगदा, लगद्यात एक टिकली आणि अर्धं तुटलेलं प्लास्टिकचं बूच. मोजा पाइपात असा उभा बसला होता की पाणी झिरपायचं पण वाहायचं नाही. काकांनी तो पिळून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “याचा जोडीदार घरी असेल बघा.” होता. हरवलेल्या मोज्यांची माझी पिशवीच आहे, पालक तिला बँक म्हणतात.

मोजा तिथे गेला कसा? दाराचं रबर आणि फिरणारा ड्रम यांच्यामध्ये बारीकशी फट असते. मशीन ठासून भरलं, की कडेला असलेली छोटी वस्तू त्या फटीतून सरकून ड्रमच्या बाहेर टबात पडते, आणि टबात पडलेलं सगळं शेवटी त्याच पाइपात येतं. मोठ्यांच्या मोज्यांचं सहसा असं होत नाही. तान्ह्यांचे मोजे, रुमाल, लाळेऱ्यांच्या नाड्या यांचं होतं. चेन लावलेल्या जाळीच्या पिशव्या मिळतात, मेन रोडवर स्वस्तात मिळाल्या. आता लहान कपडे त्यातच.

काकांनी जाता जाता मीटर लावून पंपाची कॉइल बघितली, दीडशे ओहमच्या आसपास दाखवलं, म्हणजे शाबूत. मग मशीन भरून रिकामं करून दाखवलं. पंप वाजला आणि मोरीत पाणी आदळल्याचा आवाज झाला. तीनशे पन्नास घेतले. चहा घेतला, साखर कमी सांगून.

आता मशीनचा एक तारा का कापला तेही सांगते. टबातून येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी एखादी साधी जाळी दिली असती तर हे टळलं असतं असं मला वाटतं. दुसरं म्हणजे वॉरंटीची भाषा. मशीनवर चकचकीत स्टिकर आहे: मोटरवर दहा वर्षं. ती मोटर म्हणजे ड्रम फिरवणारी. पाणी फेकणाऱ्या पंपाचा त्यात समावेश नाही, बोर्डाचाही नाही, त्यांची दोन वर्षांची मुदत २०२३मध्येच संपली. शिवाय कार्डावर बारीक अक्षरात ‘घरगुती वापरासाठी’ असतं. पाळणाघर, मेस, पार्लर चालवणाऱ्या बायकांनी ही ओळ मशीन घ्यायच्या आधी वाचावी, दुकानदार स्वतःहून वाचून दाखवत नाही.

बाकी मशीन चांगलं आहे. कपडे स्वच्छ निघतात, पाणी कमी लागतं, आवाज पोरांना झोपू देतो. मधे एकदा पाणी आत न येण्याचा कोडही आला होता. त्यात दोष मशीनचा नव्हताच. आमची टाकी स्लॅबवर, म्हणजे मशीनच्या नळाच्या जेमतेम तीन मीटर वर. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे माझ्याकडे ०.३ बार, बऱ्याच मशीनना लागतो तो अगदी कमीत कमी दाब. त्यात नळाच्या पाइपाच्या टोकाला, मशीनमध्ये शिरतो तिथे, नखाएवढी जाळी असते. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं, मग ते गंगापूर धरणाचं असो की मुकणेचं, की ती जाळी मातीने भरते. नळ बंद करून पाइप सोडवायचा, जाळी पकडीने अलगद ओढायची, दातांच्या जुन्या ब्रशने घासायची. बोअरवेलचं पाणी असेल तर मातीऐवजी पांढरा क्षार बसतो, ती व्हिनेगरमध्ये भिजत ठेवा. सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हा कोड जास्त येतो तो याचमुळे, टाकी डोक्यावरच असते.

फेसाचंही तेच. बादलीत भिजवायची पावडर फ्रंट लोडमध्ये टाकली की आत नुसता फेस होतो. पंपाला पाणी ढकलता येतं, फेस नाही ढकलता येत, आणि मग पाणी न जाण्याचाच कोड. रंगपंचमीला माझा लेक जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उड्या मारून येतो, ते कपडे घासायला त्याच्या मित्राच्या आईने नेहमीची पावडर दुप्पट घातली होती. मशीन फेसाने थांबलं आणि पुढचे काही दिवस त्यांच्या घरात सगळ्यांचे बनियन फिकट गुलाबी होते. रहाडीचे कपडे मोरीत, हाताने, हा आमच्याकडचा नियम आहे.

प्लग काढून दहा मिनिटांनी परत लावला की कोड जातो, हा सल्ला सगळेच देतात. जातो खरा. पण अडकलेलं जागेवर असलं की तो पुढच्या धुण्याला परत येतो. एकदाच आला आणि प्लग काढल्यावर गेला तर सोडून द्या, पुन्हा आला तर वाट तपासायला घ्या. वरचा पत्रा उघडून बोर्डाला हात लावणं मात्र माझ्या यादीत नाही. तिथे प्लग काढल्यावरही काही काळ करंट साठून राहतो, ते काम काकांचं.

काकांचं नाव-नंबर इथे टाकू का असं त्यांना विचारलं होतं. नको म्हणाले. “एकटा माणूस आहे ताई, फोन उचलत बसलो तर मोजे कोण काढणार?” सिडकोतल्या कुणाला हवा असेल तर पाळणाघरात येऊन घेऊन जा, फक्त दुपारी एक ते तीनमध्ये बेल वाजवू नका.